पळतो झकास, पण पाऊल जन्मतः वाकडं होतं

फौजेत जाऊ इच्छिणाऱ्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या प्रश्नांना आर्मी मेडिकल कोअरमधून निवृत्त झालेल्या, ऐरोलीच्या सुभेदारकाकांची उत्तरं.

प्रश्न : काका, मी १९ वर्षांचा, राहायला दिव्याला. जन्मतः माझं डावं पाऊल आत वळलेलं होतं. फायलीवर ‘सीटीईव्ही’ लिहिलंय. तान्हा असताना प्लास्टरं झाली, टाचेमागची शीर सोडवली, मग चार वर्षांचा होईपर्यंत रात्री पट्टीचे बूट. आता काही त्रास नाही. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत पळतो. आयटीआय फिटर झालंय. अग्निवीरसाठी अकॅडमीत नाव घातलंय. तिथले सर म्हणतात, ‘पाय कळून येत नाही, मेडिकलला तोंड उघडू नकोस.’ आई म्हणाली, काकांना विचार. मेजर जनरल इयान कार्डोझो एका पायावर बटालियन सांभाळत होते, मग मला अडचण काय? – एक वाचक, दिवा

उत्तर : आधी कडू ते सांगतो. तुझ्या फायलीवरचं ‘सीटीईव्ही’ म्हणजेच क्लबफूट, जन्मतः आत वळलेलं पाऊल. क्लबफूट हे भरतीत बाद करण्याचं कारण आहे, उपचार कितीही चांगले झालेले असोत. वायुदलाच्या निकषांत किंचित उंच कमानीचं पाऊल चालवून घेतात, क्लबफूटला मात्र सरसकट नकार आहे. सैन्याचा डॉक्टर याहून नरम असेल अशी आशा धरू नकोस. टेरिटोरियल आर्मीतून, म्हणजे नोकरीधंदा सांभाळून करायच्या फौजेतून, जमेल असं कोणी सुचवलं, तर तिथेही मेडिकल चुकत नाही.

तुझ्या सरांना पाय कळून येत नसेल. मेडिकलला मुलगा चड्डीवर उभा असतो आणि डॉक्टर आधी मागून बघतो. क्लबफूटच्या पायाची पोटरी दुसरीपेक्षा बारीक राहते. कितीही पळालास तरी ती भरत नाही. पाऊलही बहुधा लहान असतं, बूट घेताना तुला ते जाणवत असेलच. मग चवड्यांवर चाल, टाचांवर चाल, उकिडवं बस. घोटा पुरता वाकत नसला की उकिडवं बसताना टाच उचलते, नाहीतर माणूस एका अंगाला कलतो. त्यात टाचेमागचा तो व्रण. जाणत्या डॉक्टरला तोंड उघडून सांगायची गरजच पडत नाही.

आणि समज, नजरचुकीने सुटलास. भरतीच्या फॉर्मवरच्या प्रश्नाला जाणूनबुजून खोटं उत्तर देणं हा सैन्य अधिनियम १९५० च्या कलम ४४ खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे कलम तुझ्या सरांना लागत नाही, तुला लागतं.

डॉक्टर एवढे काटेकोर का, तेही ऐक. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या खटल्यात स्पष्ट केलं की, भरतीच्या वेळी कागदावर दोष नोंदवलेला नसेल आणि पुढे त्या माणसाला दुखण्यामुळे घरी पाठवलं, तर ते दुखणं नोकरीमुळेच आलं असं धरायचं; तसं नाही हे फौजेने सिद्ध करायचं. जवानाच्या बाजूने हा फार चांगला निकाल आहे. पण याचमुळे दारावरचा डॉक्टर शंकेची जागा ठेवत नाही. त्याला आजचा तुझा पाय बघून भागत नाही. पाठीवर वजन घेऊन बर्फात चढणारा, पस्तिशीतला घोटाही बघावा लागतो.

कार्डोझो साहेबांचं उदाहरण मुलं हमखास देतात. ते भरती झाले तेव्हा दोन्ही पाय शाबूत होते. १९७१ च्या युद्धात सुरुंगावर पाय पडला, तो निकामी पाय त्यांनी स्वतःच्या खुकरीने कापला आणि पुढे लाकडी पायावर झगडून बटालियनचं नेतृत्व मिळवलं. लढताना जायबंदी झालेल्याचं फौज देणं लागते. दाराबाहेरच्याचं ती काही लागत नाही. मला विचारशील तर क्लबफूटचा नियम आता जुना झालाय. पोन्सेटी पद्धतीने, म्हणजे तुझ्यासारखी प्लास्टरं आणि रात्रीचे बूट वापरून, बरी झालेली मुलं मैदानं गाजवतात. त्यांना निदान तांत्रिक कामांसाठी तरी तपासून बघायला हवं. पण माझ्या मताने भरती होत नसते.

तुझी खरी पंचाईत वेगळीच आहे. फौजेच्या लेखी तू अनफिट आणि सरकारच्या लेखी दिव्यांगही नाहीस. २०१६ च्या कायद्याने आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. साडेपाच मिनिटांत सोळाशे मीटर मारणाऱ्याला ते कोण देणार? म्हणजे खुल्या स्पर्धेतच उतरायचं. त्यासाठी तुझ्याकडे फिटरचा कागद आहे. मुंबईची नेव्हल डॉकयार्ड आयटीआय झालेल्यांना अप्रेंटिस म्हणून घेते. अंबरनाथला दारूगोळा कारखान्याची वसाहत आहे, डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेची नौदलासाठी काम करणारी प्रयोगशाळा आहे. दिव्याहून कर्जत-बदलापूर लोकल पकडलीस की झालं. तिथेही शारीरिक तपासणी असते, पण ती कामापुरती. जाहिरातीतली अट नीट वाच.

अकॅडमीची उरलेली फी मात्र आजच थांबव. भरतीत आधी ऑनलाइन परीक्षा, मग मैदान आणि मेडिकल सगळ्यात शेवटी; त्यामुळे मेडिकलला बाद होणारा मुलगा दोन-दोन वर्षं फी भरत राहतो आणि यात अकॅडमीचं काही बिघडत नाही. नाव घालतानाच उघड्या पायांनी उकिडवं बसवून बघायला किती वेळ लागतो? एवढं करूनही मनाची खात्री पटत नसेल तर कळव्याच्या महापालिका रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरला घोट्याची हालचाल आणि पोटऱ्यांचा घेर मोजायला सांग. त्यानंतरही रॅलीत उतरायचं असेल तर खुशाल उतर. विचारलं तर खरं सांग. अनफिट ठरवलं तर मिलिटरी हॉस्पिटलमध्ये फेरतपासणी मागता येते, मुदत तिथल्या कागदावर असते. पण त्या भरवशावर डॉकयार्डचा फॉर्म चुकवू नकोस.

प्रश्न : माझ्या मुलाला जन्मतः उजव्या करंगळीजवळ सहावं बोट आहे. आठवीत आहे, एनडीएचं, म्हणजे खडकवासल्याच्या लष्करी अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीचं वेड आहे. सासूबाई म्हणतात सहावं बोट शुभ, काढू नये. – एक आई, कोपरखैरणे

उत्तर : ताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि बोट काढून घ्या. शस्त्रक्रियेनंतर १२ आठवड्यांनी मुलाला तपासता येतं. एक्स-रेत हाडाचा दोष नसला, जखम नीट भरलेली असली, व्रण मऊ असला आणि तिथे नसेची गाठ धरलेली नसली की तो फिट ठरू शकतो. एनडीएला मुलं साडेसोळाव्या वर्षापासून बसतात, तेव्हा आत्ताच उरकलंत तर हाताची पकड बसायला भरपूर वेळ मिळेल. ऑपरेशनआधीचा एक्स-रे, नंतरचा एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड एका फायलीत ठेवा.