घरातला चोरीचा अलार्म वाजला, कोड टाकून बंद केला, तरी कीपॅडवरचा दिवा लुकलुकतोय आणि सिस्टिम पुन्हा लागत नाही. मेन स्विच बंद करून रिसेट होईल का?

नाही. मेन स्विचला हातसुद्धा लावू नका. हा सल्ला तुम्हाला ज्यांनी दिला ते आमच्या भावजींच्याच पंथातले दिसतात.

पॅनेलच्या, म्हणजे सगळी सिस्टिम चालवणाऱ्या मुख्य यंत्राच्या, पेटीत बहुतेक वेळा 12 व्होल्टची बॅटरी बसवलेली असते, ती वीज गेल्यावर चालावी म्हणूनच. आमचा अलार्म एका रात्री वाजला, तेव्हा मेन स्विच पाडून काही होत नाही म्हटल्यावर भावजींनी पेटीचं झाकण उघडलं. झाकणाखाली टॅम्परचा स्विच, म्हणजे कोणी पेटीशी छेडछाड केली की पॅनेलला कळवणारा. गप्प झालेला सायरन पुन्हा बोंबलायला लागला. मग ते बाहेरच्या सायरनची वायर ओढायला निघाले. त्यात स्वतःची बॅटरी असली तर वायर तुटली की तो आणखीच वाजतो, हे ओरडून सांगावं लागलं.

आणि मुळात कारण काय, तर म्हणे माझी मांजर! अहो, रात्री आम्ही सिस्टिम नाइट मोडवर लावतो. त्यात घरातले हालचाल टिपणारे सेन्सर बंदच असतात, फक्त दारं-खिडक्या चालू. मांजर हॉलमध्ये नाचली असती तरी पॅनेलला पत्ता लागला नसता. कीपॅडवर झोन, म्हणजे घराच्या कोणत्या भागातल्या सेन्सरमुळे वाजला ते, स्पष्ट दिसत होता: मागचं दार. बिजागऱ्या सैल होऊन दार खाली बसलं होतं, त्यामुळे फळीवरचं मॅग्नेट आणि चौकटीवरचा सेन्सर यांच्यातली फट वाढलेली. वाऱ्यानं दार जरा हललं की पॅनेलच्या हिशेबी ते उघडलं. बिजागऱ्या आवळल्या, मॅग्नेट सरकवलं, विषय संपला. भावजी मात्र अजून चार लोकांत मांजरीचंच नाव घेतात.

तुमचा दिवा लुकलुकतोय तो बहुतेक मेमरीचा. कोड टाकला की सायरन थांबतो, पण कोणत्या झोनमुळे वाजला ते पॅनेल धरून ठेवतं. आधी तो झोन वाचून घ्या. मग पुन्हा एकदा कोड टाकून डिसआर्म करा, म्हणजे सिस्टिम बंद करा, बऱ्याच पॅनेलांवर तेवढ्यानं मेमरी पुसली जाते. तरीही सिस्टिम लागत नसेल तर बहुधा एखादं दार किंवा खिडकी उघडी आहे, नाहीतर सेन्सरची बॅटरी संपत आलीय. तो झोन बायपास करून, म्हणजे वगळून, झोपू नका, चोराला तेवढंच हवं असतं.

हो, हे राहिलंच. टॅम्पर झाला असेल तर काही पॅनेल इन्स्टॉलरच्या कोडशिवाय रिसेट होत नाहीत, त्याला बोलवावंच लागेल. धुराचा सेन्सर त्याच पॅनेलवर असेल तर आवाज बंद करण्याआधी आग नाही ना ते बघा. आणि बाहेरून येताना सायरन वाजत असेल किंवा दार फोडलेलं दिसलं तर आत जाऊच नका, पोलिसांना फोन करा.

शेवटचं: घरातल्या प्रत्येकाला वेगळा कोड द्या. पाहुण्यांनासुद्धा. पॅनेलच्या लॉगमध्ये वेळेसकट नोंद राहते, कोणत्या कोडनं सिस्टिम बंद झाली त्याची. "मी हातच लावला नव्हता" असं भावजी परवा म्हणाले तेव्हा मी तो लॉग उघडून त्यांच्यासमोर धरला. चहा अर्धा टाकून उठले.