जळगाव-धुळ्याकडच्या मुलाला आंतरराष्ट्रीय फुटबॉल पंच होता येईल का?

होता येईल, परंतु थेट फिफाकडे अर्ज करता येत नाही. जिल्हा आणि राज्य पातळीवरून राष्ट्रीय पंच झाल्यावर अखिल भारतीय फुटबॉल महासंघ ज्यांची नावे सुचवतो, त्यांतूनच फिफाची यादी दरवर्षी नव्याने ठरते, आणि तीत मुख्य पंचाचे वय किमान 25, तर सहायक पंचाचे 23 असावे लागते. नियमांची परीक्षा अभ्यासाने निघते. खरी कसोटी धावण्याची. मुख्य पंचाला 40 मीटरच्या सहा वेगवान धावा, त्यानंतर 75 मीटर धावणे व 25 मीटर चालणे यांची 40 आवर्तने ठरावीक वेळेत पूर्ण करावी लागत असल्याने भुसावळच्या मे महिन्यात सराव पहाटेच उरकलेला बरा. सहायक पंचाचा मार्गही कमी लेखू नये. भारताचे कोमलीश्वरन शंकर 2002 च्या विश्वचषकात त्याच भूमिकेत होते.