आईने कधी न घेतलेल्या औषधालाही जंतू रेझिस्टंट कसा?

नागपूरच्या धंतोलीतल्या एका लॅबमध्ये मी कल्चरच्या प्लेट्स वाचते, म्हणून लिहिते. तुमच्या आईंच्या लघवीत ई. कोलाय निघाला, सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि डॉक्सिसायक्लिन दोन्हींसमोर ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट, औषधाला दाद न देणारा. सिप्रोचे कोर्स झालेत, पण डॉक्सी त्यांनी कधी घेतलीच नाही, मग असं कसं, हा तुमचा प्रश्न.

ई. कोलायच्या आवरणात एक पंप असतो, एसीआरएबी-टॉलसी. तीन प्रथिनं जोडली जाऊन आतल्या पडद्यापासून थेट बाहेरपर्यंत नळी तयार होते. सगळ्यात आतल्या प्रथिनाचे तीन घटक आळीपाळीने औषधाचा रेणू पकडतात, वर ढकलतात आणि रिकामे होतात. प्रोटॉन आत येतो, त्याच्या जोरावर औषध बाहेर जातं. रेणू पकडायची जागा ऐसपैस आहे, त्यामुळे अमुकच आकार हवा असं नाही. सिप्रो, टेट्रासायक्लिन (डॉक्सी याच गटातली), क्लोरॅम्फेनिकॉल, अगदी पित्तातले क्षारसुद्धा बाहेर फेकले जातात. जंतू आतड्यातला, त्याला पित्ताशी रोजच झुंजावं लागतं. अँटिबायोटिक गोळ्या फार नंतर आल्या.

या पंपावर लगाम ठेवणारी जनुकं असतात. त्यांपैकी एखादं बिघडलं की पंप भराभर तयार होतात. सिप्रोच्या कोर्समध्ये असेच जंतू तगतात, आणि डॉक्सीलाही आपोआप तोंड देतात.

तरी सगळं खापर या पंपावर फोडू नका. अंबाझरी तलावाचं पाणी २०२३च्या सप्टेंबरात घरांत शिरलं तेव्हा लोंढा ओसरेपर्यंत मोटर लावून काय उपयोग होता? जंतूचं बाहेरचं आवरण औषध हळूहळू आत येऊ देतं, म्हणून पंपाला पुरं पडता येतं. सिप्रोला पक्का ‘आर’ यायला बहुधा औषधाच्या लक्ष्यातही, म्हणजे डीएनए गायरेज या जंतूच्या एन्झाइममध्ये, बदल व्हावा लागतो. आणि डॉक्सीचा ‘आर’ वेगळ्याच पंपामुळेही असू शकतो: टेट-ए, फक्त टेट्रासायक्लिन गटापुरता, प्लाझमिडवरून, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावरून, एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाणारा. टेट्रासायक्लिन असं बाहेर फेकलं जातं हे संशोधक स्टुअर्ट लेव्हींच्या गटाने १९८० मध्ये दाखवलं.

पंप बंद पाडणारं औषध का देत नाहीत? प्रयोगशाळेत अशी रसायनं आहेत, पण परिणाम दिसेल इतका डोस माणसाला विषारी ठरतो. साध्या रिपोर्टवरून कोणता पंप चालू आहे ते कळत नाही, आणि डॉक्टरांना ते लागतही नाही. ते ‘एस’ (सेन्सिटिव्ह, म्हणजे लागू पडणारं) आलेल्या औषधांतून किडनी, वय बघून निवडतील. घरात उरलेल्या स्ट्रिपमधली सिप्रो मात्र आता देऊ नका.