न पाहिलेल्या नोंदीवर साक्षीदार म्हणून सही करावी का?

प्रश्न : मी मिरजेतील एका खासगी रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात सहा वर्षे परिचारिका आहे. महिनाअखेरच्या मोजणीत फेंटॅनिल या तीव्र वेदनाशामक इंजेक्शनच्या तीन अँप्युल (काचेच्या बंद कुप्या) कमी भरल्या. त्या महिन्यातील काही रात्री कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. आता प्रशासनाने रजिस्टरमध्ये मागील तारखांना ‘अँप्युल फुटली, औषध सांडले’ अशा तीन नोंदी लिहून साक्षीदाराच्या सहीची जागा माझ्यासाठी मोकळी ठेवली आहे. सही आणि माफीनामा दिला नाही तर पोलिसांत माझे नाव देऊ, असे सांगतात. माझी मूळ प्रमाणपत्रेही त्यांच्याकडेच आहेत. मी काय करावे?

उत्तर : आपण ही सही करू नये आणि माफीनामाही देऊ नये. साक्षीदाराच्या रकान्यातील सही म्हणजे ‘हे मी डोळ्यांनी पाहिले’ असे लेखी विधान असते. कर्मचाऱ्याने फसवणुकीच्या हेतूने मालकाच्या दप्तरात खोटी नोंद करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४४ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. आज ज्या दोषाचा आपल्यावर केवळ संशय आहे, त्याच्या जागी या सहीने आपल्याच हस्ताक्षरातला पुरावा उभा राहील.

माफीनाम्याचा धोका त्याहून मोठा आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, परंतु रुग्णालयाच्या व्यवस्थापकाला दिलेल्या पत्राला हे संरक्षण नाही. ते न्यायालयात दाखल होऊ शकते आणि ‘प्रकरण मिटावे म्हणून लिहून दिले’ हे नंतर सिद्ध करण्याचे ओझे व्यवहारात आपल्यावरच येते. सांगलीच्या न्यायालयात येणाऱ्या अशिलांच्या हातात अशी दोन ओळींची पत्रे मी पाहिली आहेत, म्हणून हे कळकळीने सांगतो.

आता एनडीपीएस कायद्याविषयी, म्हणजे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याविषयी. फेंटॅनिल मॉर्फिनच्या सुमारे शंभरपट प्रभावी असून मात्रा चुकल्यास रुग्णाचा श्वास मंदावतो किंवा थांबतो, हे आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. त्यामुळेच शिक्षा ज्यांवर ठरते ती त्याची कायद्यातील प्रमाणेही अतिशय लहान आहेत : ०.००५ ग्रॅमपर्यंत ‘अल्प’ आणि ०.१ ग्रॅमच्या पुढे ‘व्यापारी’ प्रमाण. दोन मिलिलिटरच्या एका अँप्युलमध्ये १०० मायक्रोग्रॅम औषध धरले, तर तीन अँप्युलमध्ये ०.०००३ ग्रॅम, म्हणजे अल्प प्रमाणापेक्षाही कितीतरी कमी औषध होते. मात्र हिरा सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली असा निर्णय दिला की मिश्रणातील निष्क्रिय द्रव्यासह संपूर्ण वजन धरावे. त्याच्या आधारे सरकार पक्ष सहा मिलिलिटर द्रावणाचे, म्हणजे सुमारे सहा ग्रॅमचे वजन पुढे करून व्यापारी प्रमाणाचा युक्तिवाद करू शकतो. तो मान्य झाला तर किमान दहा वर्षे शिक्षेचे कलम लागते आणि कलम ३७ मुळे जामीन अवघड होतो. या युक्तिवादाला विरोध करता येईल, पण ‘तीनच तर अँप्युल आहेत’ या समजुतीवर कोणतीही सही करणे किती महागात पडू शकते हे आपल्या लक्षात यावे.

आपली बाजू कमकुवत नाही. आपल्याकडून काहीही जप्त झालेले नाही, आणि या कायद्यात ताबा सिद्ध करणे हा खटल्याचा पाया असतो. किल्ली काही रात्री आपल्याकडे होती, याचा अर्थ ती इतर दिवशी इतरांकडे होती. शिवाय फेंटॅनिल हे अत्यावश्यक गुंगीकारक औषधांच्या यादीत असल्यामुळे, २०१५ च्या सुधारित नियमांनुसार त्याचा साठा सुरक्षित ठेवण्याची व आवक-वापराची नोंद ठेवण्याची जबाबदारी मान्यताप्राप्त संस्थेवर आणि तिने नेमलेल्या डॉक्टरवर असते. ती जबाबदारी मागील तारखेच्या सहीने परिचारिकेच्या गळ्यात घालता येत नाही.

खरा हिशेब रजिस्टरच्या बाहेर सापडेल. भूलतज्ज्ञाच्या चार्टवर एखाद्या रुग्णाला ७० मायक्रोग्रॅम दिल्याची नोंद असेल, तर उरलेले ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.६ मिलिलिटर, कोणासमोर टाकले आणि रिकामी अँप्युल परत जमा झाली का, हे त्या महिन्याच्या प्रत्येक शस्त्रक्रियेसाठी ताडून पाहता येते. चार्टवर दिलेले औषध रुग्णापर्यंत पोहोचलेच नसेल, तर कुणीतरी वेदना सोसत पडून राहिले असेल. म्हणून ही तपासणी केवळ आपल्या बचावासाठी नाही. औषध कुणा सहकाऱ्यानेच व्यसनापायी घेतले असेल, तर स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीला एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४अ खाली काही मर्यादेत खटल्यापासून सूट मिळू शकते. मात्र पुराव्याशिवाय कुणाचेही नाव आपण घेऊ नये.

आपण आजच प्रशासनाला ईमेलने आणि पोच मिळेल अशा स्पीड पोस्टने पत्र पाठवावे. सदर प्रसंग मी पाहिलेले नाहीत म्हणून सही करू शकत नाही, असे त्यात स्पष्ट लिहावे. सीसीटीव्हीचे चित्रण, किल्लीच्या देवाणघेवाणीची वही, ड्युटीचा तक्ता आणि भुलीचे चार्ट जपून ठेवण्याची मागणी करावी. चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जात असल्याने येथे एक दिवसही महत्त्वाचा आहे. मूळ प्रमाणपत्रेही त्याच पत्रात परत मागावीत, कारण ती दबावासाठी अडवून ठेवण्याचा अधिकार नोकरी देणाऱ्याला नाही. आपल्या आठवणीतील तारखा व वेळा स्वतंत्र वहीत लिहून ठेवाव्यात. रुग्णांची कागदपत्रे मात्र घरी नेऊ नयेत.

पोलिसांनी साक्षीदार म्हणून बोलावले, तर स्त्री असल्याने आपला जबाब राहत्या घरी घेण्याचा आग्रह आपण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम १७९ खाली धरू शकता. आपल्याविरुद्ध तक्रार दिल्याचे कळताच सत्र न्यायालयात त्याच संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज करावा. वकिलाच्या शुल्काची अडचण असेल, तर सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना पाठवलेल्या पत्राची प्रत, टपालाची पावती आणि नेमणूकपत्र सोबत असू द्यावे.