धरणात सोडलेले मत्स्यबीज टिकावे यासाठी काय करावे?

आपल्या संस्थेने गावच्या धरणात रोहू-कटल्याचे बीज सोडूनही जाळ्यात मासा लागत नाही, तेव्हा पुढच्या वर्षी बीज दुप्पट करावे का, आणि सोबत महसीरही सोडावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते संख्येला हात लावण्याआधी बीजाचा आकार पाहावा. इंच-दीड इंचाचे बीज स्वस्त पडते आणि एका पिशवीत भरपूर मावते, म्हणून बहुतेक ठिकाणी तेच घेतले जाते. परंतु ज्या पाण्यात मरळ, शिवडा यांसारखे शिकारी मासे आणि पाणकावळे आहेत, तेथे त्यातले फारच थोडे उरते. जलाशयासाठी बोटुकली, म्हणजे बोटाएवढे वाढलेले बीज, किमान 80 ते 100 मिलिमीटरची असावी. एवढी मोठी बोटुकली दुरून आणणे परवडत नसेल, तर लहान बीज धरणातच बारीक जाळीच्या पिंजऱ्यात वाढवावे, म्हणजे त्याला त्या पाण्याची सवयही होते.

बीज केंद्राच्या टाकीत वाढलेल्या माशाची दुसरी अडचण अशी की, वरून सावली पडली की खाद्य येते एवढेच त्याला ठाऊक असते आणि पाणकावळ्याच्या सावलीलाही तो वर येतो. कार्ल फॉन फ्रिश यांनी 1938 मध्ये दाखवून दिले की, मिनो या लहान माशाच्या जखमी त्वचेतून पाण्यात उतरणाऱ्या द्रव्यामुळे त्याचे सोबती घाबरून पळतात. रोहू आणि महसीर त्याच कार्प गटातले आहेत. असे द्रव्य शिकारी माशाच्या वासासोबत दिले, तर टाकीतली पिल्ले त्या वासाला भिऊ लागतात; मात्र मोकळ्या पाण्यात याचा लाभ दर वेळी दिसलेला नाही, त्यामुळे त्यावर खर्च करा असे मी म्हणणार नाही. त्यापेक्षा पिंजऱ्यात काही फांद्या सोडाव्यात आणि शेवटच्या आठवड्यांत पेंड-कोंडा कमी करून बोटुकलीला पाण्यातले नैसर्गिक खाद्य शोधू द्यावे.

बीज सोडताना सांडवा वाहणे थांबलेले असावे. बाहेरून आणलेल्या पिशव्या आधी पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळू द्यावे. गाडी भिंतीपर्यंत जाते आणि छायाचित्रही तेथेच चांगले येते, म्हणून सगळे बीज भिंतीपाशी ओतण्याची रीत पडली आहे. ते झुडपे बुडालेल्या उथळ काठांवर, सकाळी लवकर, वाटून सोडावे.

महसीरबाबत मात्र सावध राहावे. लोणावळ्याच्या टाटांच्या मत्स्यबीज केंद्रातून निळ्या पराचा महसीर देशभर गेला आणि कावेरीत तो इतका उत्तम टिकला की, तेथला मूळचा कुबड्या महसीर मागे पडला; 2018 पासून हा कुबड्या महसीर आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत अतिसंकटग्रस्त आहे. शिवाय अमेरिकेतील ओरेगॉनच्या हूड नदीतील स्टीलहेड ट्राउटवरील 2007 च्या अभ्यासात, बंदिस्त पैदाशीच्या प्रत्येक पिढीमागे माशांची निसर्गात प्रजनन करण्याची क्षमता सुमारे 40 टक्क्यांनी घटलेली आढळली. त्यामुळे महसीर घ्यायचाच असेल, तर नर-मादी कोणत्या नदीतले आणि केंद्रातल्या कितव्या पिढीचे आहेत, हे केंद्राकडून लेखी घ्यावे. ती नदी आपल्या खोऱ्यातली नसेल, तर यंदा रोहू-कटल्यावरच थांबावे.