नाशकात ब्लॅककरंट लावायचंय? आधी हे वाचा
ताई, रोप मागवायची घाई नका करू, ब्लॅककरंटला हिवाळ्यात हजारेक तास ७ अंशांखालची थंडी लागते आणि आपल्याकडे निफाडला पहाटे कितीही कडाका पडला तरी दुपारी ऊन तापतंच, त्यामुळे झाड जगलं तरी फळ धरणं अवघड. त्यापेक्षा तुती लावा ना! पावसाळ्यात पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची (म्हणजे जिथून कोंब फुटतो त्या गाठींची) काडी घ्यायची, दोन डोळे मातीत जातील अशी तिरकी खोचायची, बस. फळ नव्या फुटव्यावर येतं, म्हणून थंडी सरताना फांद्या छाटून उरलेली पानंपण खुडून टाका, मग पालवीसोबतच बारीक हिरवी फळं दिसायला लागतात. बुलबुल फार येतात, जाळी टाकाच. आणि पूर्ण काळी झाल्याशिवाय तोडू नका, लाल असताना आंबट लागतात.