जुने इंजिन बसवले, पण गाडी सुरळीत चालेना

प्रश्न : आमच्याकडे चार सिलिंडरची, साध्या डिझेल पंपाची पिकअप आहे. बागेतील संत्री बाजारात नेणे आणि कापूस जिनिंगला पोहोचवणे हे तिचे काम. उन्हाळ्यात क्रँक तुटल्यामुळे नागपूरहून त्याच मॉडेलचे वापरलेले इंजिन आणले आणि तालुक्याच्या मिस्त्रींकडून बसवून घेतले. आमच्या जुन्या इंजिनाचा पंप नुकताच दुरुस्त केलेला असल्यामुळे तोच या इंजिनावर चढवला आहे. आता सेल्फ जड फिरतो आणि सेल्फ मारताना ॲक्सिलरेटरची तार हाताला गरम लागते. टाकी अर्ध्याखाली आली की गाडी चालता चालता बंद पडते आणि डिझेल ओढायचा हँडपंप मारल्यावर पुन्हा लागते. टाकी भरलेली असताना मात्र हा त्रास होत नाही. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नाही व भरलेल्या गाडीला ओढ नाही. मिस्त्री म्हणतात की इंजिनच खराब निघाले, खाली उतरवून पूर्ण काम करावे लागेल. आम्ही काय करावे?
– एक वाचक, ता. मोर्शी, जि. अमरावती

उत्तर : आपण लक्षणे इतक्या नेमकेपणाने लिहिली आहेत की निम्मे निदान पत्रातच झाले आहे. मात्र या तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि मिस्त्री तिन्हींचा दोष एकाच कारणावर टाकत आहेत. टाकीतील डिझेलच्या पातळीप्रमाणे इंजिनाच्या रिंगा झिजत नाहीत किंवा भरून येत नाहीत, हे त्यांच्याही लक्षात आणून द्यावे. इंजिन बदलताना जे जे सोडवले आणि पुन्हा जोडले, तेथे आधी शोध घ्यावा. इंजिन उघडण्याचा विचार त्यानंतर.

सुरुवात सेल्फपासून करावी, कारण इंजिन पुरेशा वेगाने फिरत नसेल तर पुढच्या कोणत्याही तपासणीवर भरवसा ठेवता येत नाही. गरम होणारी तार येथे सर्व काही सांगून जाते. सेल्फला लागणारा करंट बॅटरीकडे परत जाण्यासाठी इंजिन आणि चेसिस यांच्यामध्ये जाड अर्थिंगची पट्टी असते, आणि इंजिन रबरी फाउंडेशनवर बसलेले असल्यामुळे या पट्टीवाचून त्या करंटला सरळ वाट नसते. इंजिन उतरवताना ही पट्टी सुटते आणि बसवताना विसरली जाते किंवा रंगावर, गंजावर तशीच आवळली जाते. मग करंट ॲक्सिलरेटरच्या तारेतून वाट काढतो. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्याची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावावी व दुसऱ्याला सेल्फ मारण्यास सांगावे. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग सदोष आहे असे समजावे. पट्टी नवी घ्यावी आणि दोन्ही टोकांखालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत करून मगच बोल्ट आवळावा. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी स्थिर स्थितीत सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते आणि सेल्फ फिरत असताना ती 9.6 व्होल्टच्या खाली जाऊ नये. तशी ती जात असेल तर अर्थिंगबरोबर बॅटरीचीही तपासणी करून घ्यावी. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये. तारेतून असा करंट जात राहिला तर ती आतल्या आत वितळून अडकते, आणि भर रस्त्यात रेस अडकलेली पिकअप ही बंद पडलेल्या पिकअपपेक्षा कितीतरी धोकादायक असते.

दुसरी तक्रार टाकीच्या पातळीशी बांधलेली आहे, त्यामुळे तिचे मूळ इंजिनात नसून टाकी आणि टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप यांच्यामधील नळ्यांत असले पाहिजे. माझा पहिला संशय असा की फीडची (डिझेल ओढणारी) आणि रिटर्नची (उरलेले डिझेल टाकीत परत नेणारी) नळी एकमेकींच्या जागी लागली आहे. बऱ्याच टाक्यांमध्ये डिझेल ओढणारी नळी तळापर्यंत जाते, तर परतीची नळी वरच्या भागातच संपते. दोन्ही रबरी नळ्या सारख्या जाडीच्या असतील तर अदलाबदल सहज होते आणि टाकी भरलेली असेपर्यंत कळतही नाही. पातळी त्या आखूड नळीच्या टोकाखाली गेली की पंप डिझेलऐवजी हवा ओढू लागतो. खात्री करून घेण्यासाठी स्वच्छ डिझेलचा पाच लिटरचा कॅन इंजिनापेक्षा थोडा उंच बांधावा, फीड पंपाची नळी थेट त्यात सोडावी आणि रिटर्नही त्यातच घ्यावा. हँडपंपाने एअर काढून गाडी उभ्या जागी अर्धा तास चालवावी. ती न अडखळता चालली तर इंजिन आणि डिझेल पंप या तक्रारीपुरते निर्दोष ठरतात.

नळ्या बरोबर असूनही त्रास उरला तर टाकीपासून येणाऱ्या रबरी नळ्यांकडे पाहावे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, इंजिनाजवळची उष्णता त्याहून कितीतरी अधिक असते, आणि जुने रबर वाकवले की त्याला बारीक भेगा पडतात. अशा भेगेतून डिझेल बाहेर गळत नाही, पण ओढ बसली की हवा आत शिरते, म्हणून गळती दिसत नाही एवढ्यावरून नळी चांगली आहे असे मानू नये. फिल्टरच्या आधी वीतभर पारदर्शक नळी जोडली तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. जोडांवरचे तांब्याचे वॉशर एकदा दाबले गेले की पुन्हा नीट बसत नाहीत. काही रुपयांचे हे वॉशर वाचवण्यात शहाणपणा नाही.

आता पांढरा धूर. थंड इंजिनातून थोडा वेळ निघणारा पांढरा धूर हा पूर्ण न जळलेल्या डिझेलचा असतो आणि त्याला बहुधा सिलिंडर आधी तापवणारा हीटर प्लग किंवा जड सेल्फ कारणीभूत असतो. तापल्यानंतरही तो थांबत नाही आणि सोबत ओढही नाही, तेव्हा डिझेल सिलिंडरमध्ये उशिरा पडत असण्याची शक्यता मोठी असते. आपण जुन्या इंजिनाचा पंप या इंजिनावर चढवला आहे, म्हणजे त्याचे टायमिंग (डिझेल नेमके केव्हा पडावे ते) नव्याने लावणे आवश्यकच होते. केवळ फ्लँजवरची जुनी खूण जुळवून ते अचूक येतेच असे नाही. आपला पंप रोटरी प्रकारचा असेल तर हे काम डायल गेज (अगदी बारीक हालचाल मोजणारे उपकरण) लावून करणाऱ्या पंपवाल्याकडेच द्यावे. पंपाचा शाफ्ट ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट दिशेला पंपाची बॉडी किंचित फिरवली की डिझेल लवकर पडते. पण आवाजावरून अंदाजाने ती फिरवत राहणे मला मान्य नाही, कारण टायमिंग प्रमाणापेक्षा पुढे गेले की इंजिन कडक ठोका देते आणि पिस्टनला इजा होते. टायमिंगला हात लावण्यापूर्वी रेडिएटरचे पाणी रोज कमी होते का, तेवढे पाहून घ्यावे. होत असेल तर तो धूर नसून वाफ असू शकते आणि मग हेड गॅस्केटचा विचार करावा लागेल.

एवढे झाल्यावरही तक्रार राहिली तरच कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) मोजावे. अशा इंजिनांत ते साधारण 25 ते 30 बारच्या आसपास असते. पेट्रोल गाडीचा गेज त्यासाठी चालत नाही. चारही सिलिंडरांचे आकडे एकमेकांजवळ आहेत की नाहीत, हे येथे अधिक महत्त्वाचे असते. एक सिलिंडर बराच मागे असेल आणि त्यात थोडे ऑइल टाकल्यावर आकडा वर आला तर रिंगा झिजल्या आहेत, न आल्यास व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट यांच्याकडे पाहावे. मिस्त्रींचे म्हणणे खरे ठरलेच तर ते या टप्प्यावर ठरेल.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगतो. गाडी लागत नसली की एअर फिल्टरच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरण्याची पद्धत आपल्या भागात सर्रास आहे. हीटर प्लग तापलेले असताना पेट्रोलची वाफ आत गेली तर ती वेळेआधीच पेटते. पिस्टन फुटतो, आणि भडका बाहेर आला तर हात भाजतो. तसेच चालू इंजिनात नोझलची नळी सैल करून उडणारे डिझेल बोटाने कधीही तपासू नये. त्या दाबाचे डिझेल कातडीतून आत शिरते, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया करण्याची वेळ येते.

प्रश्न : माझ्या पेट्रोल व्हॅनमध्ये त्याच कंपनीच्या नंतरच्या वर्षातील इंजिन बसवले. विक्रेत्याने त्यासोबत त्या गाडीचा ईसीएमही (इंजिन नियंत्रित करणारा संगणकही) दिला आणि तोच लावला आहे. इंजिन क्षणभर लागते आणि लगेच बंद होते. इंधन पंप आणि प्लग नवे टाकूनही फरक पडला नाही.
– एक वाचक, हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : आपला खर्च चुकीच्या जागी झाला आहे. आपल्या गाडीत इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न देणारी चोरीविरोधी यंत्रणा) असेल तर दुसऱ्या गाडीतून आलेला ईसीएम आपल्या चावीतील चिप ओळखत नाही. अशा वेळी काही गाड्यांत इंजिन मुळीच लागत नाही, तर काहींत क्षणभर लागून बंद होते. डॅशबोर्डवर चावीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकत असेल तर हेच कारण समजावे. आपला मूळ ईसीएम आणि मूळ चावी पुन्हा वापरावी. सेन्सर आणि जोडण्या जुळत असतील तर इंजिन त्यावर चालते. एखादा सेन्सर वेगळा निघाला तर आपल्या जुन्या इंजिनावरचा काढून लावावा. क्रँक सेन्सर बदलताना तो ज्या दातेरी चक्रावरून वाचतो, त्याचे दात दोन्ही इंजिनांवर सारखे आहेत का, ते मोजून घ्यावे.

प्रश्न : बदललेल्या इंजिनाचा नंबर आरसीवर चढवणे खरोखर आवश्यक आहे का? गावात कोणी विचारत नाही.
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : आवश्यक आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 मध्ये गाडीतील बदलाबरोबर इंजिन बदलण्याचाही विचार केलेला आहे. गावात कोणी विचारत नसले तरी अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर इंजिन नंबर पाहतो, आणि तो कागदाशी जुळला नाही की दावा अडतो. इंजिन घेताना विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि इंजिन नंबर असलेले पक्के बिल घ्यावे; बिलावाचून घेतलेले इंजिन चोरीच्या गाडीतील निघाले तर जबाब आपल्याला द्यावा लागेल. गाडीवर कर्ज असल्यास कर्ज देणाऱ्या संस्थेची लेखी संमतीही आधीच घेऊन ठेवावी, आणि नंबरावर गंज किंवा ऑइलचा थर असेल तर आरटीओ कार्यालयात जाण्यापूर्वी तो साफ करावा, म्हणजे पेन्सिलीची छाप स्पष्ट उमटते.